उभा सूर्य, काळी माती, उसना समुद्र

नागपूरच्या झिरो माईलला लोक येतात ते चार घोडे आणि मधला खांब पाहायला. देशाचा मध्य इथेच, असे गाइडपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे सांगतात. त्यावर एक सेल्फी होते आणि माणसे सीताबर्डीकडे वळतात. खांबाजवळच एक ठेंगणा दगड आहे, तो फारसा कोणाच्या फोटोत येत नाही. हा १९०७ सालचा जीटीएस बेंचमार्क, म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातला उंचीचा दगड. कराचीपासून ओरिसातल्या फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ बंदरांत भरती-ओहोटीच्या नोंदी घेऊन समुद्राची सरासरी पातळी ठरवली गेली. तिथून मोजत मोजत उंचीचे आकडे देशाच्या आतल्या भागात पोचवले गेले. नागपूरच्या वाट्याला आलेला आकडा १०२० फुटांच्या किंचित वरचा आहे. ज्या शहरातून समुद्र कुठेच दिसत नाही, त्या शहराच्या मधोमध समुद्राचा हिशेब असा मांडून ठेवलेला आहे.

या शहरातल्या हौशी छायाचित्रकारांनाही समुद्राचे वेड आहे. कोणत्याही कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनात जा, एक भिंत वाघांची आणि एक भिंत कोकणाची. वाघ समजू शकतो, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला घराच्या अंगणात आहेत. पण हरिहरेश्वरचे खडक, मालवणची बोट, अलिबागचा सूर्यास्त? ‘आपल्याकडे काय आहे भाऊ? सपाट वावर अन् तळं,’ असे एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने मला फुटाळा तलावाच्या कठड्यावर बसून ऐकवले. त्यांच्याकडे तीन लेन्स, दोन ट्रायपॉड आणि फिल्टरांची चामडी पेटी होती. समोर सूर्य पाण्यात उतरत होता आणि ते त्याच्याकडे पाहत नव्हते. पुढच्या महिन्यातल्या कोकणच्या गाडीचे आरक्षण मोबाइलवर शोधत होते.

त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे असे, की लँडस्केप आणि सीस्केपची जी तंत्रे आपण पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून उचलतो, ती दुसऱ्या कोणाच्या उन्हात, दुसऱ्या मातीवर आणि दुसऱ्या किनाऱ्यावर बेतलेली असतात. विदर्भात ती तशीच लावली तर फसतात, आणि दोष मात्र कॅमेऱ्याला किंवा गावाला दिला जातो. गणित नव्याने मांडावे लागते. सुरुवात सूर्यापासूनच करावी.

सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला की त्याचा उजेड सोनेरी होतो आणि जमिनीचा प्रत्येक उंचवटा सावलीने उठून दिसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. या वेळेला गोल्डन अवर म्हणण्याची पद्धत आहे. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. इथे सूर्य क्षितिजाकडे तिरका सरकत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. मार्च किंवा सप्टेंबरात हे सहा अंश उतरायला त्याला साधारण २६ मिनिटे लागतात, जूनमध्ये फार तर २८. लंडनमध्ये त्याच मार्च महिन्यात ३८-३९ मिनिटे लागतात, जूनमध्ये जवळपास ५०. आइसलँडचा छायाचित्रकार मार्चमध्येच जवळपास तासभर त्या उजेडात काम करतो. त्याचे यूट्यूबवरचे धडे पाहून आमच्याकडचा मुलगा सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी निवांत ट्रायपॉड उघडायला घेतो. त्याचा पहिला फिल्टर चढेपर्यंत इथला उजेड लाल होऊन विझायला लागलेला असतो. सूर्य बुडाल्यावरचा निळा उजेडही २२ ते २४ मिनिटांत आटोपतो. म्हणून इथे जागा आदल्या दिवशी ठरवायची, चौकट दुपारीच बसवायची, फोकस आणि समतल साधून कॅमेरा तयार ठेवायचा आणि मग चहा प्यायला जायचे.

सूर्य मावळण्याची जागाही एक नसते. जूनच्या अखेरीस तो पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला बुडतो, डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात तो ५० अंशांचा पट्टा फिरतो, ३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये जेमतेम मावेल एवढा. फुटाळ्याच्या चौपाटीवर एकाच कठड्याला टेकून उभे राहणाऱ्याला डिसेंबरात एक झाड मिळते आणि मे महिन्यात दुसरे. शिवाय घड्याळाचाही एक घोळ आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. नागपूर त्याच्या पश्चिमेला सुमारे साडेतीन अंश, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून १४ मिनिटांच्या आसपास होते. कोकणात ती आणखी जवळपास २५ मिनिटे उशिरा. नागपूरची सवय घेऊन अलिबागला उतरलेला माणूस म्हणूनच किनाऱ्यावर उगाच लवकर पोचतो. एवढे एकच नुकसान आपल्या फायद्याचे.

आता दुपार. सगळे शिक्षक सांगतात, दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका. नागपुरात हा उपदेश मे महिन्यात अक्षरशः पाळावा. २६ मेच्या आसपास, दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. जुलैच्या मध्यावर हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग तो पाहू देत नाहीत. या उभ्या उजेडात शेत एखाद्या कागदासारखे सपाट दिसते. त्यातच पारा ४५च्या पुढे. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समध्ये अर्ध्या किलोमीटरवरचे निंबाचे झाड पाण्यात बुडाल्यागत लवलवते. महागड्या लेन्सला याचा इलाज नाही, पहाटे जाणे हाच इलाज. पण डिसेंबरात चित्र बदलते. मध्यान्हीलाही सूर्य ४५ अंशांवरच असतो, म्हणजे सावली उंचीएवढी पडते. नागपूरच्या हिवाळ्यात दुपारी दोन वाजतासुद्धा तुरीच्या ओळी, पऱ्हाटीच्या काड्या आणि धुऱ्यावरची बोर छान उठून दिसते. दुपारची बंदी बाराही महिने पाळणारे इथले निम्मे वर्ष वाया घालवतात.

उजेडानंतर माती. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक भोळा असतो. समोरचे जग सरासरी मध्यम करडे आहे, येणाऱ्या प्रकाशातला सुमारे १८ टक्के परत फेकणारे आहे, असे तो धरून चालतो. काळी कसदार रेगूर माती एवढा प्रकाश परत देत नाही. नांगरलेल्या वावरावर कॅमेरा रोखला, की मापकाला वाटते अंधार फार आहे. तो एक्स्पोजर वाढवतो आणि आपली काळी माती चिखली, मळकट करडी होऊन बसते. आकाश तर पार पांढरे. उपाय सोपा आहे: एक स्टॉप कमी करा. पाऊस पडून गेल्यावर ढेकळांवर जी चकाकी येते, ती तेव्हाच फोटोत उतरते. कापूस फुटलेला असेल तर उलट. बोंडांनी चौकट भरली की मापक घाबरून उजेड कापतो, तेव्हा एक स्टॉप वाढवायचा. पांढरे बोंड आणि काळे ढेकूळ एकाच चौकटीत आले की खरी परीक्षा. अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास झोन सिस्टिम नावाची जी पद्धत बसवली, ती याच भानगडीसाठी. काळ्या कुट्टापासून पांढऱ्या शुभ्रापर्यंत अकरा पायऱ्या मानायच्या आणि कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसणार हे बटण दाबण्याआधी आपण ठरवायचे, मापकाने नव्हे. अ‍ॅडम्ससमोर योसेमिटीचा बर्फ आणि ग्रॅनाइट होता. वर्धा रोडवरच्या कापसाच्या वावरात ती पद्धत तितकीच लागू पडते, किंबहुना लवकर समजते.

जमीन काळी आणि आकाश लख्ख, हे भांडण छायाचित्रणाइतकेच जुने आहे, आणि गंमत अशी की ते पहिल्यांदा समुद्रावरच मिटले. फ्रान्सचा गुस्ताव ल ग्रे १८५६-५७ मध्ये समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या कोलोडियन काचा निळ्या प्रकाशाला फार हळव्या. लाटा नीट येईपर्यंत आकाश जळून कोरे होई. त्याने आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच घेऊन दोन्ही एका कागदावर छापल्या, सांधा क्षितिजाच्या रेषेवर लपवला. तेच ढग त्याच्या एकाहून अधिक समुद्रांवर तरंगताना सापडतात. पॅरिस आणि लंडन थक्क झाले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मराठी माणसे कॅमेऱ्यामागे उभी होती, तो हाच काळ. आज आपल्या खिशातला फोन एका क्षणात आठ-दहा फ्रेम घेऊन परस्पर जोडतो. कॅमेऱ्यावर तेच काम दोन तऱ्हेने होते: अर्धा भाग काळसर असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर लेन्ससमोर सरकवायचा, किंवा कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन घरी एकत्र करायचे. विदर्भाच्या सपाट क्षितिजावर फिल्टरची सरळ कड बेमालूम बसते. रामटेकला टेकडी मध्ये आली की तिचा माथा काळा पडतो, तिथे तीन फोटो घेणेच बरे.

सपाट क्षितिज ही खरी अडचण. डोंगर नाही, कडा नाही, लाट नाही. एक आडवी रेघ आणि वर आकाश. यातून चित्र कसे बांधायचे?

या प्रश्नाचा एक धागा नागपुरातूनच जातो. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, मग मुंबईला जे. जे.ला गेले. तेव्हा ते निसर्गचित्रे करत. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराशी पडली. त्याने चित्रे पाहिली आणि रंग चांगले असले तरी चित्रांत बांधणी नाही, चित्रकार सेझानचा अभ्यास करा, असे सुचवले. दोन वर्षांनी रझा फ्रान्सला गेले आणि पुढे त्यांच्या चित्रातली घरे, झाडे, क्षितिजे हळूहळू भूमितीत उतरली. एका छायाचित्रकाराने चित्रकाराला चित्राचा सांगाडा दाखवावा, हे मला फार मोलाचे वाटते. नागपूरच्या लँडस्केपवाल्यांच्या चौकटींत आजही नेमके तेच कमी पडते. रंग भरपूर, केशरी तर उतू जातो, पण चौकटीला हाडे नाहीत.

सपाट प्रदेशात ही हाडे पायाजवळ शोधावी लागतात. बैलगाडीची चाकोरी, तळ्याची पाळ, वावराचा धुरा, सरीची ओळ, पळसाखाली पडलेला फुलांचा सडा. कॅमेरा छातीवरून गुडघ्यापर्यंत खाली आला की या गोष्टी मोठ्या होतात आणि क्षितिजापर्यंत नजर चालवत नेतात. इथे एक आकडा पाठ असावा. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ ११, आणि फोकस सुमारे ८० सेंटीमीटरवर. एवढे केले की ४० सेंटीमीटरवरच्या ढेकळापासून क्षितिजावरच्या कोराडी वीजकेंद्राच्या चिमण्यांपर्यंत सगळे धारदार येते. छिद्र आणखी बारीक केले तर आणखी धार मिळेल, हा लोभ धरू नये. एफ १६च्या पुढे प्रकाश कडेवर वाकायला लागतो आणि उलट मऊपणा येतो.

कोराडीच्या चिमण्यांचे नाव आलेच आहे तर सांगतो. उत्तरेकडच्या कितीतरी चौकटींत त्या येतात आणि घरी बसून पुसून टाकल्या जातात. मला हे पटत नाही. त्या आपल्या क्षितिजाचा भाग आहेत आणि हिवाळ्यातल्या सकाळी जे निळसर थर दिसतात, झाडांची एक रांग गडद, मागची फिकी, त्यामागची आणखी फिकी, त्या थरांत धुक्याइतकाच धुराचाही वाटा आहे. धूर वापरायचा, सुंदर म्हणायचा आणि चिमणी खोडायची, ही लबाडी झाली.

आकाशाची विदर्भात चंगळ आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, मान्सून पोचायच्या आधी, दुपारनंतर ढगांचे जे गड उभे राहतात ते कोकणातही दिसत नाहीत. डॉ. वा. वि. मिराशींनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असे मत मांडले. वाद विद्वानांचा, पण आषाढाच्या सुरुवातीला गडमंदिराच्या पायऱ्यांवर उभे राहिलेल्या छायाचित्रकाराला मिराशींची बाजू आपोआप पटते. अशा आकाशाला क्षितिज खालच्या पाचव्या भागात ढकलून बाकी सगळी जागा द्यावी. एक तृतीयांशाचा नियम कुठे लिहून ठेवला असेल तर तो त्या दिवशी घरीच राहू द्यावा. जपानचा हिरोशी सुगिमोतो १९८० पासून जगभरच्या समुद्रांचे फोटो काढतो आहे: क्षितिज बरोबर मध्यावर, वर हवा, खाली पाणी, दुसरे काही नाही. नियम मोडून त्याचे काही बिघडले नाही.

आता पाणी. समुद्र नसला तरी पाण्याची वाण नाही. भोसल्यांच्या काळातला फुटाळा, १८७० सालचे अंबाझरी, गोरेवाडा, सक्करदरा, पलीकडे खिंडसी आणि तोतलाडोहचा जलाशय. भंडारा-गोंदियाकडे गेले की गावोगाव माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, कोहळी समाजाच्या पिढ्यांनी बांधलेले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीच्या नावाने ओळखला जातो. पहाटेचे कमळ, पाळीवरचे मोह, बोडीत उभी बाई: छायाचित्रकाराला आयुष्यभर पुरेल एवढा ऐवज. तरी आपण धावतो हरिहरेश्वरला.

तळ्यावर दोन गोष्टी उत्तम शिकता येतात. पहिली पोलरायझर. सूर्याशी ९० अंशांचा कोन करून पाहिले की हा फिल्टर सर्वांत जास्त काम करतो, म्हणजे फुटाळ्याच्या सूर्यास्ताला तो उत्तर-दक्षिण दिशांना लागू, समोर सूर्याकडे व्यर्थ. पाण्याकडे साधारण ३७ अंशांच्या उतारावर पाहिले तर तो वरची चकाकी जवळजवळ पुसतो आणि आतले दिसू लागते. अंबाझरीच्या काही कोपऱ्यांत आतले दिसू नये हेच बरे. जलपर्णी, निर्माल्य, प्लॅस्टिक. तिथे फिल्टर फिरवून चकाकी ठेवणारे पाहिले आहेत आणि मुद्दाम ती काढून टाकणारी एक मुलगीही. चित्रकला महाविद्यालयात शिकते. ‘मला खालचंच पाहिजे,’ म्हणाली.

दुसरी गोष्ट लाँग एक्स्पोजर. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो. जो फोटो एक तीसांश सेकंदात निघाला असता त्याला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्या वेळात पाण्यावरचे बारीक तरंग पुसले जातात आणि तळे काचेसारखे होते. नवख्याला याची चटक लागते. मग प्रत्येक पाणी दुधाळ, प्रत्येक ढग ओढलेला. हे तंत्र फार झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय फुटाळ्यावर आता संगीत कारंज्याचा सांगाडा पाण्यात उभा आहे. तळे काच झाले की तो अधिकच नजरेत खुपतो. उंचावरून टिपायचे म्हणाल तर शेजारीच वायुसेनानगर, ड्रोनच्या नकाशावर कुठे परवानगी आहे ते तपासल्याशिवाय पिशवीतून काढू नये. ड्रोन येण्याच्या कितीतरी आधी गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरच्या दारातून किनारे आणि दीपगृहे टिपली, उद्धव ठाकरे यांनी गडकोट टिपून २०१०मध्ये ‘महाराष्ट्र देशा’ काढले. ती चित्रे पाहिली की कळते, उंची मिळाली तरी उजेडाची वेळ गाठावीच लागते.

तळे एक गोष्ट मात्र शिकवत नाही. त्याला ओढ नाही. फुटाळ्याचे पाणी हलते, पण येत-जात नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटेचा तेवढा अपवाद. त्या रात्रीच्या पावसात अंबाझरी भरून वाहिली आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. त्या दिवशी फिल्टर लावायची कोणाची छाती नव्हती, आणि जे फोटो निघाले ते सगळे फोनवरचे, हललेले आणि खरे होते.

ती ओढ शिकायला समुद्रच लागतो. लाटेचे फोटो वेळेचे असतात. लाट खडकावर आपटते तेव्हा एक हजारांश सेकंद, तर तुषार थेंबाथेंबाने थिजतात. पण सर्वांत देखणी रेघ लाट परतताना निघते. फेस वाळूवरून मागे ओढला जातो तेव्हा पाव ते एक सेकंदाचे एक्स्पोजर द्यावे, पांढरे धागे थेट क्षितिजाकडे खेचले जातात. बटण लाट येताना नव्हे, वळताना दाबायचे. तळ्यावर तयार झालेला नागपूरकर इथे नेमका अर्धा सेकंद चुकतो, कारण त्याच्या बोटाला ही लय ठाऊक नसते. ती येण्यासाठी कॅमेरा न काढता दहा-पंधरा मिनिटे नुसते पाहत उभे राहावे. याचा दुसरा फायदा जिवाचा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचे कातळ लाटांनी कोरलेले, मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी पडलेले आहेत. कॅमेरेवाल्यांना तिथून हलवत नाही. त्याच कातळांवरून माणसे वाहून गेली आहेत. छोट्या लाटांच्या मालिकेत एखादी मोठी येते आणि ती व्ह्यूफाइंडरमधून दिसत नाही.

समुद्रावर जायचे कधी, याचे उत्तर नागपूरकराच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेले असते. कालनिर्णय काढा आणि तिथी पाहा. कोळी आणि दुर्गभटके वापरतात तो हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला. भरती दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यातला आणि ढोबळ. मालवणकडे पाणी थोडे आधी चढते. नेमक्या वेळेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात. पण घरबसल्या सहल ठरवायला पाऊणपटीचे गणित पुरते. सूर्यास्ताला उघडे पडलेले खडक, ओली वाळू आणि तिच्यात आकाशाचे प्रतिबिंब हवे असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जावे. सूर्यास्ताला पाणी खडकांवर चढलेले हवे तर अष्टमीच्या आसपास. मात्र तेव्हा भांगाची भरती, उधाणाचा जोर नसतो. उधाणात मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त वरखाली होते. संध्याकाळी जिथे ट्रायपॉड ठेवला तिथे रात्री बोट तरंगते.

नकाशावर फूटपट्टी ठेवली तर नागपूरला बंगालचा उपसागर जवळ आहे. काकिनाड्याचा किनारा सरळ रेषेत पावणेसहाशे किलोमीटरच्या आत, मुंबई सातशेच्या घरात. आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर सूर्य पाण्यातून उगवतो, हे कोकणात कधीच मिळणार नाही. तरी ओढ कोकणचीच. भाषा, सोलकढी, नातेवाईक, सगळे तिकडे. त्यात ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता आमण्यापर्यंत सलग झाला, तेव्हापासून गाडीच्या डिकीत ट्रायपॉड टाकून निघणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते.

परत येताना हे लोक समुद्र बरोबर घेऊन येतात, त्याचा हिशेब सीताबर्डीतल्या एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात कळतो. काउंटरवर वर्तमानपत्र पसरून मालकाने एका ट्रायपॉडचा खालचा पाय पिळून उघडला. आतून आधी वाळू सांडली, मग पिवळट पाणी. पेचाच्या आट्यांत पांढरे मीठ धरले होते, ब्रशने घासले तरी सुटेना. ‘काहून नळाखाली धरत नाही लोकं, हे समजत नाही,’ तो म्हणाला, ‘रूमवर गेल्यावर गोड्या पाण्यानं धुतलं असतं तर माझ्याकडे आलंच नसतं.’ पाय वाळूत रोवताना खालचा सांधा वाळूच्या वर राहील एवढा लांब ठेवावा, हेही त्यानेच शिकवले. लेन्सवरचे खारे तुषार कोरड्या कापडाने पुसू नयेत, मिठाचे कण काचेला चरे पाडतात. आधी ओलसर कापड, मग कोरडे.

रंगाविषयी सांगायचे राहिले, आणि त्यासाठी किनाऱ्यावर जायची गरज नाही. जून २०२०मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. बेसॉल्टमधल्या उल्काविवरातले ते खारे, अल्कधर्मी पाणी. त्याचे फोटो फिरू लागले तेव्हा निम्म्या लोकांना ती फोटोशॉपची करामत वाटली. वाटणारच. ज्या हातांनी वर्षानुवर्षे फुटाळ्याचे आकाश जांभळे केले, त्यांचे गुलाबी पाणी कोण खरे मानणार? पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने पाणी रंगल्याचे आघारकरने सांगितले. रंग खरा होता. अशा वेळी उपयोगी पडते ती व्हाइट बॅलन्सची साधी शिस्त: ऑटो बंद करून उन्हाचा ठराविक आकडा लावणे, पहिल्या फ्रेममध्ये करडे कार्ड धरणे, मूळ रॉ फाइल जपून ठेवणे. कॅमेऱ्याचे ऑटो गुलाबी पाणी पाहिले की ते ‘दुरुस्त’ करायला धावते, कारण पाणी असे नसते अशी त्याची समजूत आहे.

शेवटी दिवाळीनंतरच्या पौर्णिमेचा एक बेत सांगून ठेवतो. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला यात्रा असते, गडावर त्रिपुर पेटतो. पण चंद्रोदयाचा फोटो आदल्या संध्याकाळी, चतुर्दशीला काढावा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर येतो, जमिनीवर अजून उजेड असतो आणि चंद्र व मंदिर एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. पौर्णिमेला तो बराच वर येईपर्यंत खाली अंधार होतो आणि दोघांतले एक हातचे जाते. कार्तिकातला चंद्र पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, म्हणून टेकडीच्या नैऋत्येला, मनसरच्या बाजूच्या शेतांत उभे राहावे. तीन किलोमीटरवरून चंद्राची थाळी २७ मीटर रुंदीच्या वास्तूएवढी भासते. लेन्स ३०० मिलिमीटर किंवा जास्त, शटर एक सेकंदाच्या बरेच खाली, नाहीतर चंद्र सरकलेला येतो.

पौर्णिमेची संध्याकाळ मग अलिबागला देता येईल. चतुर्दशीच्या रात्री समृद्धीवर गाडी हाकू नका, झोप घेऊन पहाटे निघा, तरी दुपारी उशिरापर्यंत पोचता. ओहोटी साडेपाच-सहाला, सूर्यास्तही सहाच्या आगेमागे, आणि कुलाबा किल्ला बरोबर पश्चिमेला पाण्यात. किल्ल्यापर्यंत चालत जाण्याचा मोह होईल. जायचेच असेल तर पाणी उतरत असताना जाऊन सूर्यास्ताआधी परत या, कारण ओहोटीच्या तळानंतर वाट फार वेळ उघडी राहत नाही. चौकट किनाऱ्यावरूनच चांगली मिळते: ओल्या वाळूत किल्ल्याचे उलटे प्रतिबिंब, कॅमेरा गुडघ्याएवढा खाली, एफ ११, एक स्टॉप कमी. सोनेरी उजेडाची सत्तावीस मिनिटे धरून चाला.